दोन प्रोग्राम, एक लूप

मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेले दोन प्रोग्राम वेगवेगळे चालवले तर बिनचूक चालतात आणि एका फाइलीत आणले की कंपायलर पानभर एरर दाखवतो. गोंधळात भर पडते ती एररच्या भाषेमुळे. चूक असते एकीकडे आणि कंपायलर बोट दाखवतो भलतीकडेच. याचे कारण साधे आहे. चूक कुठे झाली हे कंपायलरला ठाऊक नसते. वाचता वाचता मजकूर कोणत्या ओळीवर समजेनासा झाला, एवढेच तो सांगतो. छोट्या प्रोग्रामात ही दोन ठिकाणे शेजारी शेजारी असतात. जोडलेल्या प्रोग्रामात त्यांच्यामध्ये दोनशे ओळी असू शकतात.

उमरी तालुक्यात, किंबहुना नांदेड-लातूरच्या कोणत्याही तालुक्यात, या विषयाची गाठ बहुधा शेतातल्या मोटारीपाशी पडते. कृषिपंपांची थ्री फेज लाईन चोवीस तास नसते. काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की आखाड्यावर जाऊन मोटार चालू करायची, म्हणजे अंधार, चिखल आणि साप-विंचू. स्टार्टरला 'ऑटो' लावला तर लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते, पण रान आधीच भिजलेले आहे, हे साध्या ऑटोला कळत नाही. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावाने शेतकऱ्यांपर्यंत नेली. तंत्रनिकेतनातल्या आणि अभियांत्रिकीतल्या प्रकल्पांत, 2016 नंतर शाळाशाळांत आलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आणि विज्ञान प्रदर्शनांत हीच कल्पना आर्डुइनो बोर्डावर उभी करण्याची हौस मोठी असते. त्यासाठी लागणारे तीन तुकडे तयार मिळतात: मातीचा ओलावा मोजणारा, जीएसएम मॉड्यूलवरून एसएमएस घेणारा आणि डिस्प्लेवर अक्षरे उमटवणारा. तिन्ही तुकडे सुटे चालतात. प्रकल्प अडतो तो त्यांना एकत्र आणताना.

यातला नेहमीचा बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म 2005 मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावातल्या एका डिझाइन संस्थेत झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही बोर्ड वापरता यावा, हा त्यामागचा हेतू होता. उनोवरची चिप आहे एटीमेगा328पी: प्रोग्रामसाठी 32 किलोबाइट फ्लॅश, चालू हिशेबासाठी 2 किलोबाइट रॅम आणि 16 मेगाहर्ट्झचा वेग. बोर्ड नवशिक्यांसाठी बनला, पण त्याच्या पोटातला कंपायलर मात्र जीसीसी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला हा कंपायलर मुरलेल्या प्रोग्रामरांसाठी आहे आणि त्याच्या एररही त्यांच्याच बोलीत आहेत. पडद्यावरचे मोठे बटण सोपे आणि त्यामागचे बोलणे अवघड, अशी ही जोडणी आहे.

बटण दाबल्यावर काय घडते

'व्हेरिफाय'चे बटण दाबले की आधी आर्डुइनोचे सॉफ्टवेअर फोल्डरमधल्या सगळ्या डॉट आयएनओ फाइली एकापाठोपाठ एक चिकटवून त्यांची एकच फाइल करते. ज्या फाइलीचे नाव फोल्डरच्या नावासारखेच आहे ती पहिली, बाकीच्या इंग्रजी वर्णक्रमाने. मग वर आर्डुइनोची हेडर फाइल जोडली जाते आणि प्रत्येक फंक्शनची आगाऊ ओळख करून देणाऱ्या ओळी, म्हणजे प्रोटोटाइप, आपोआप घातल्या जातात. त्यानंतर प्रिप्रोसेसर येतो. 'हॅश'ने सुरू होणाऱ्या ओळी त्याच्या ताब्यात असतात आणि त्याचे काम निव्वळ अक्षरे बदलण्याचे असते; अर्थाशी त्याला कर्तव्य नसते. मग खरा कंपायलर सी प्लस प्लसचे नियम लावून मजकूर वाचतो. शेवटी लिंकर हा मजकूर, लायब्रऱ्या आणि आर्डुइनोचा गाभा यांची मोट बांधतो. तयार फाइल केबलमधून चिपवर चढवण्याचे काम 'एव्हीआरड्यूड' नावाचा वेगळा प्रोग्राम करतो.

यातला कोण तक्रार करतो आहे, हे ओळखले की शोध निम्म्यावर येतो. एररमध्ये फाइलीचे नाव आणि ओळीचा आकडा असेल आणि व्याकरणाची कुरकुर असेल तर बोलणारा कंपायलर आहे. 'मल्टिपल डेफिनिशन', 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस' असे शब्द असतील तर लिंकर. 'एव्हीआरड्यूड' आणि 'नॉट इन सिंक' दिसले तर प्रोग्राम कंपाइल झालेला आहे; अडचण केबल, पोर्ट किंवा जोडणीत आहे. जीएसएम मॉड्यूलच्या तारा 0 आणि 1 या पिनांवर जोडलेल्या असतील तर अपलोड याच कारणाने अडते, कारण संगणकाशी बोलायलाही बोर्ड त्याच दोन पिना वापरतो. तारा काढून अपलोड करावे आणि पुन्हा जोडाव्यात. अशा वेळी प्रोग्राम तपासत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे.

दुसरी गोष्ट, यादी वरून वाचायची. पडद्यावर शेवटची ओळ ठळक दिसते म्हणून नजर तिथेच जाते आणि तिथे 'एक्झिट स्टेटस 1' एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ काम फसले, याखेरीज काही नाही. पहिल्या एररनंतरच्या बऱ्याच एरर तिच्याच पिलावळीतल्या असतात. पहिली दुरुस्त करावी, पुन्हा बटण दाबावे. चाळीस एररांच्या तीन झालेल्या दिसणे ही या कामातली रोजची गोष्ट आहे.

दोन सेटअप, दोन लूप

आर्डुइनोच्या गाभ्यात 'मेन' नावाचे फंक्शन आधीच लिहिलेले असते. ते 'सेटअप' एकदा बोलावते आणि 'लूप' अखंड बोलावत राहते. त्यामुळे संपूर्ण प्रोग्रामात ही दोन नावे एकेकदाच चालतात. ओलाव्याच्या प्रोग्रामाखाली एसएमएसचा प्रोग्राम जसाच्या तसा चिकटवला की 'रीडेफिनिशन ऑफ व्हॉइड सेटअप' अशी एरर येते आणि तिच्याखाली आधीची व्याख्या कोणत्या ओळीवर आहे तेही छापलेले असते. कंपायलरने चुकीचा खरा पत्ता दिल्याची ही दुर्मीळ वेळ.

काही जण दुसरा प्रोग्राम नव्या टॅबमध्ये ठेवून ही अडचण टळेल अशी अपेक्षा करतात. ती टळत नाही, कारण सगळे टॅब शेवटी एकाच फाइलीत जातात. जुनी आवृत्ती 'जुना' अशा नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली तर उघड्या फाइलीत एकच सेटअप असूनही रीडेफिनिशनची एरर येते. हा प्रकार तासभर डोके खाऊ शकतो. जुन्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. उलट टोकाची चूकही होते. घाईत दोन्ही सेटअप पुसले जातात किंवा एकाच्या नावातले अक्षर बदलते. मग कंपायलर गप्प बसतो आणि लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू सेटअप' म्हणून अडतो: मेनने बोलावलेले फंक्शन त्याला कुठे सापडत नाही.

सुरक्षित वाट अशी. प्रत्येक तुकड्यातल्या सेटअप आणि लूपला वेगळे नाव द्यावे, जसे 'ओलावा सुरू', 'ओलावा तपास', 'एसएमएस सुरू', 'एसएमएस तपास' (प्रत्यक्ष प्रोग्रामात अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता). मग एकच खरा सेटअप लिहून त्यात सगळे 'सुरू' आणि एकच खरा लूप लिहून त्यात सगळे 'तपास' बोलवावेत. मजकूर कापून एकमेकांत विणण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे आणि चूक झालीच तर कोणत्या तुकड्यात आहे ते लगेच कळते.

विणायलाच घेतले की महिरपी कंस हरवतात. एका लूपच्या पोटात दुसरा आख्खा लूप चिकटवला गेला तर 'अ फंक्शन डेफिनिशन इज नॉट अलाउड हिअर' अशी एरर येते. फंक्शनच्या आत फंक्शनची व्याख्या सी प्लस प्लसमध्ये चालत नाही. बंद करणारा कंस कुठे तरी राहून गेला तरी हीच एरर येते आणि ती कंस हरवलेल्या जागी न येता पुढच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर येते. पुढे फंक्शनच नसेल तर फाइल संपेपर्यंत कंपायलर वाट पाहतो आणि शेवटच्या ओळीवर 'एक्स्पेक्टेड कंस अॅट एंड ऑफ इनपुट' म्हणतो. कंस जास्त झाला तर चित्र पालटते: लूप मध्येच संपतो आणि उरलेल्या ओळी कोणत्याच फंक्शनच्या नसल्यासारख्या उघड्यावर पडतात. उघड्यावर 'इफ' दिसला की 'एक्स्पेक्टेड अनक्वालिफाइड आयडी बिफोर इफ', आणि 'डिले' किंवा 'डिजिटलराइट' दिसले की 'एक्स्पेक्टेड कन्स्ट्रक्टर, डिस्ट्रक्टर ऑर टाइप कन्व्हर्जन' अशी भारदस्त एरर येते. कन्स्ट्रक्टर म्हणजे काय हे शिकायला बसण्याची गरज नाही. वरचा एक कंस जास्त आहे एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल आणि टी ही बटणे दाबली की संपादक सगळ्या ओळींची समासातली जागा कंसांनुसार नव्याने लावतो. त्यानंतर वरून खाली पाहत यावे. जे पहिले फंक्शन डाव्या कडेला न टेकता आत सरकलेले दिसेल, त्याच्या वरच्या फंक्शनमध्ये कंस कमी आहे.

नावांची टक्कर

कंसांच्या चुका निदान दिसतात. नावांच्या चुका डोळ्यांदेखत लपून राहतात. समजा, ओलाव्याच्या प्रोग्रामात वर लिहिले आहे '#डिफाइन एलईडी 13' आणि एसएमएसच्या प्रोग्रामात 'इंट एलईडी = 7;'. दोन्ही ओळी आपापल्या जागी शुद्ध आहेत. एकत्र आल्यावर प्रिप्रोसेसर दुसऱ्या ओळीतले एलईडी पुसून तिथे 13 लिहितो आणि कंपायलरच्या हाती पडते 'इंट 13 = 7;'. कंपायलर म्हणतो, 'एक्स्पेक्टेड अनक्वालिफाइड आयडी बिफोर न्यूमरिक कॉन्स्टंट', म्हणजे नाव हवे होते तिथे आकडा आला. पडद्यावरच्या ओळीत मात्र आकडा नसून नावच दिसते, म्हणून शोधणारा चक्रावतो.

याच जातीची एक गंमत बोअरच्या बाबतीत होते. दोन बोअर असलेल्या शेतासाठी 'बी1' आणि 'बी2' अशी नावे कुणालाही सुचतील. 'बी2' चालते, 'बी1'वर मात्र वरचीच एरर येते. आर्डुइनोच्या गाभ्यातल्या एका हेडर फाइलीत बी0, बी1, बी10, बी11 अशी सगळी नावे द्विमान आकडे म्हणून आधीच डिफाइन केलेली आहेत. द्विमान पद्धतीत 2 हा अंक नाही म्हणून बी2 वाचते. 'बोअर1' असे पूर्ण नाव दिले की प्रश्न मिटतो. एकदोन अक्षरांची नावे जोडलेल्या प्रोग्रामात मुळातच धोक्याची असतात.

दोन्ही प्रोग्रामांत 'डिफाइन'च असेल, पहिल्यात मोटारीचा 'रिले' 8 आणि दुसऱ्यात भोंग्याचा 12, तर एररच येत नाही. येते ती फक्त वॉर्निंग, आणि सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये वॉर्निंग बंद असतात. दुसऱ्या डिफाइनच्या खालच्या सगळ्या ओळी मुकाट 12 वापरतात आणि मोटारीऐवजी भोंगा वाजतो. म्हणून 'प्रेफरन्सेस'च्या खिडकीत कंपायलर वॉर्निंग 'ऑल' करून ठेवणे हा जोडणीआधीचा पहिला उद्योग असावा. पिनांसाठी 'डिफाइन'ऐवजी 'कॉन्स्ट' वापरले तर टक्कर निदान स्पष्ट शब्दांत कळते.

टॅबच्या क्रमाचाही फटका बसतो. फंक्शनची आगाऊ ओळख आपोआप होते, व्हेरिएबलची होत नाही. 'ओलावा' हे व्हेरिएबल मागून जोडल्या जाणाऱ्या टॅबमध्ये असेल आणि वापर आधीच्या टॅबमध्ये असेल तर 'वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप' ठरलेले. समाईक व्हेरिएबले पहिल्या टॅबच्या माथ्यावर आणावीत.

आपोआप होणाऱ्या ओळखीतूनच या प्रकरणातली सर्वांत चकवणारी एरर जन्मते. एसएमएसच्या प्रोग्रामात 'नोंद' नावाचा स्ट्रक्ट आहे, त्यात क्रमांक आणि वेळ साठते, आणि 'दाखवा' नावाचे फंक्शन ही नोंद घेऊन ती छापते. सुटा प्रोग्राम चालतो. ओलाव्याच्या प्रोग्रामाखाली तो चिकटवला की एरर येते: 'व्हेरिएबल ऑर फील्ड दाखवा डिक्लेअर्ड व्हॉइड'. ओळ पाहावी तर एक अक्षर चुकलेले नाही. घडते असे की सगळे प्रोटोटाइप फाइलीतल्या पहिल्या फंक्शनच्या आधी घातले जातात. सुट्या प्रोग्रामात स्ट्रक्ट पहिल्या फंक्शनच्या वर होता. जोडल्यावर पहिले फंक्शन ओलाव्याचे झाले, स्ट्रक्ट त्याच्या खाली गेला, आणि 'दाखवा'ची ओळख करून देताना 'नोंद' म्हणजे काय हे कंपायलरला अजून कळलेले नसते. न दिसणाऱ्या ओळीतली ही चूक दिसणाऱ्या ओळीच्या नावावर खपते. स्ट्रक्टची व्याख्या उचलून फाइलीच्या माथ्यावर किंवा वेगळ्या हेडर फाइलीत ठेवली की काम झाले.

प्रोग्राम पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून उचलला असेल तर 'स्ट्रे 342 इन प्रोग्राम' अशी एरर भेटते. सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतलेली असते. त्या चिन्हांचा पहिला बाइट अष्टमान पद्धतीत 342 असतो, म्हणून हा आकडा. 302 आणि 240 ही जोडी दिसली तर ती न तुटणारी मोकळी जागा, जी डोळ्याला साध्या जागेसारखीच दिसते. देवनागरी अक्षरांचा पहिला बाइट 340. मराठीत लिहिलेल्या टिपणीच्या आधीच्या दोन तिरप्या रेघा कापताना गळाल्या की हा आकडा येतो. टिपणीत मराठी लिहायला कंपायलरची काहीच हरकत नसते. ती ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करणे हा यावरचा सर्वांत जलद उपाय.

लायब्ररी आणि लिंकर

एकाच नावाच्या अनेक लायब्रऱ्या असतात आणि हे आय-टू-सी डिस्प्लेच्या बाबतीत फार जाणवते. त्याची लायब्ररी वेगवेगळ्या लेखकांनी त्याच नावाने लिहिली आहे. एकीत डिस्प्ले 'इनिट'ने जागा होतो, दुसरीत 'बिगिन'ने. म्हणून एका संगणकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर 'हॅज नो मेंबर नेम्ड इनिट' म्हणून पडतो. यादीत 'मल्टिपल लायब्ररीज वेअर फाउंड' अशी ओळ आणि कोणती वापरली, कोणती नाही, हे छापलेले असते. त्या प्रोग्रामासोबत कोणती लायब्ररी आणि कोणती आवृत्ती होती याची नोंद माथ्यावरच्या टिपणीत असणे म्हणूनच गरजेचे. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे लायब्ररीच नाही, किंवा बोर्ड चुकीचा निवडलेला आहे. ईएसपी8266साठी लिहिलेला वायफायचा तुकडा उनो निवडलेला असताना कंपाइल होणे शक्य नाही. पदविकेत शिकलेल्या 8051 चा 'एसबिट' आर्डुइनोत चिकटवला तर 'डज नॉट नेम अ टाइप' येते, कारण तो शब्द मुळात त्या चिपच्या कंपायलरचा आहे, सी भाषेचा नाही.

लिंकरच्या एररांत सर्वांत गूढ दिसणारी म्हणजे 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ व्हेक्टर 7'. प्रोग्रामात हे नाव कुठेच नसते. एटीमेगा328पीमध्ये तीन टायमर आहेत, आणि टायमरने किंवा पिनेने चिपचे लक्ष वेधले की कोणते फंक्शन चालवायचे याचा क्रमांकवार तक्ता असतो. त्यातला सातवा क्रमांक टायमर 2 चा. भोंगा वाजवणारे 'टोन' हे फंक्शन तो वापरते आणि रिमोटचे सिग्नल वाचणारी आयआर लायब्ररीही उनोवर सहसा तोच घेते. एका जागेवर दोन दावेदार, म्हणून लिंकर अडतो. तीन, चार आणि पाच हे क्रमांक पिनांच्या बदलावर लक्ष ठेवण्याचे. जीएसएम मॉड्यूलशी बोलणारी 'सॉफ्टवेअर सिरियल' ते तिन्ही बळकावून बसते, मग पिनांच्या बदलावर चालणारी दुसरी लायब्ररी तिच्यासोबत लिंक होत नाही. अशा वेळी ओळी हलवून उपयोग नसतो; एका लायब्ररीला पर्याय शोधावा लागतो किंवा तिच्या सेटिंगमध्ये टायमर बदलावा लागतो.

इथे एरर आली हे नशीबच म्हणायचे. 'सर्व्हो' आणि 'टायमरवन' या दोन्ही लायब्रऱ्या टायमर 1 वापरतात, पण तक्त्यातल्या वेगवेगळ्या क्रमांकांवर. लिंकरला टक्कर दिसत नाही, प्रोग्राम बिनतक्रार तयार होतो आणि बोर्डावर सर्व्हो थरथरत बसतो.

मल्टिपल डेफिनिशनचे दुसरे, साधे कारण म्हणजे हेडर फाइलीत लिहिलेले व्हेरिएबल. ती हेडर सी प्लस प्लसच्या दोन वेगळ्या (सीपीपी) फाइलींनी मागवली की व्हेरिएबल दोनदा जन्मते. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून फक्त ओळख ठेवावी आणि व्याख्या एकाच सीपीपीत करावी. सीपीपी फाइलीला आर्डुइनोची हेडर आपोआप मिळत नाही, ती हाताने मागवावी लागते. नाहीतर रोजचे 'पिनमोड'सुद्धा तिला अनोळखी.

कंपायलर जे सांगत नाही

एरर संपल्या म्हणजे जोडणी संपली असे नाही. दोन प्रोग्राम एकत्र येतात तेव्हा ते रॅम आणि वेळही वाटून घेतात, आणि या वाटणीकडे कंपायलर फारसे लक्ष देत नाही. कंपाइल झाल्यावर ग्लोबल व्हेरिएबलांनी रॅमचा किती टक्के भाग व्यापला ते छापले जाते. तो आकडा पाऊणशेच्या पुढे गेला तर सावध व्हावे. 128 बाय 64 ठिपक्यांचा ओएलईडी डिस्प्ले वापरला तर त्याच्या चित्रासाठीच 1024 बाइट, म्हणजे उनोची निम्मी रॅम लागते, आणि नेहमीच्या लायब्ररीत ती प्रोग्राम सुरू झाल्यावर मागितली जाते, म्हणून छापलेल्या आकड्यात धरलेलीच नसते. बोर्ड मध्येच रीसेट होणे, एसएमएसमध्ये भलतीच अक्षरे येणे ही रॅम संपल्याची लक्षणे. छापायची ठरीव वाक्ये 'एफ' मॅक्रोत गुंडाळली की ती फ्लॅशमध्येच राहतात आणि रॅम मोकळी होते. मात्र फक्त एसएमएस पाठवतानाच बोर्ड रीसेट होत असेल तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्यावा. सिम800एलसारखे मॉड्यूल क्षणभर 2 अँपिअरपर्यंत करंट ओढते. तेवढा उनोच्या पिनेतून मिळत नाही.

वेळेची वाटणी त्याहून अवघड. ओलाव्याच्या प्रोग्रामात दोन वाचनांमध्ये 'डिले' घातलेला असतो. सुट्या प्रोग्रामात त्याने काही बिघडत नाही. जोडल्यावर त्या डिलेच्या काळात आलेला एसएमएस वाचला जात नाही. सॉफ्टवेअर सिरियलचा साठा 64 बाइटांचा, तो भरला की पुढची अक्षरे गळतात. शेतकऱ्याने 'बंद' पाठवले आणि मोटार चालूच राहिली, याचे कारण बहुधा हेच. डिले काढून 'मिलिस' या फंक्शनने वेळ मोजावा आणि प्रत्येक 'तपास' फंक्शनने आपली वेळ झाली नसेल तर लगेच परतावे.

त्यातही एक खड्डा आहे. उनोवर 'इंट' 16 बिटांचा असतो, 32767 च्या पुढे जात नाही. मोटार एक मिनिट थांबवण्यासाठी 'डिले(60 * 1000)' लिहिले तर गुणाकार इंटमध्ये होतो, 60000 ऐवजी उत्तर उणे 5536 येते, आणि डिलेला ऋण आकडा समजत नसल्याने त्याचे साधारण 429 कोटी मिलिसेकंद होतात. मोटार एका मिनिटाऐवजी जवळपास 50 दिवस थांबते. हाच प्रोग्राम ईएसपी32वर बरोबर चालतो, कारण तिथे इंट 32 बिटांचा आहे. 60 च्या मागे 'यूएल' ही दोन अक्षरे लिहिली की उनोवरही हिशेब जुळतो. वॉर्निंग चालू असतील तर 'इंटिजर ओव्हरफ्लो' म्हणून कंपायलर हे आधीच सांगतो.

जोडणीला बसण्याआधी कागदावर छोटा तक्ता करावा: कोणता तुकडा कोणत्या पिना, कोणता टायमर, कोणती लायब्ररी वापरतो. टकरी तिथेच दिसतात. मग सर्वांत मोठा तुकडा पाया धरून दुसऱ्यातली आधी फक्त हेडर, नंतर व्हेरिएबले, नंतर एकेक फंक्शन आणावे आणि प्रत्येक पावलाला व्हेरिफाय करावे. एरर आली तर ती शेवटच्या पावलाने आणलेली आहे. पाऊल साधले की त्या अवस्थेची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. अखेरच्या चाचणीत रिलेवर आधी दिवा लावून पाहावा. थ्री फेज स्टार्टरची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

इतके करूनही अडले तर जाणकाराला विचारण्यात संकोच नसावा, फक्त विचारताना पडद्याचा तिरका फोटो पाठवू नये. एररचा मजकूर पहिल्या ओळीपासून कॉपी करून पाठवावा, सोबत बोर्डाचे नाव, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या, संपूर्ण प्रोग्राम आणि शेवटचा बदल कोणता केला तेही कळवावे.